तीन दिव्यांचा नियम

रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे बरोबर पाच सेंटिमीटरवर, कात्रीचं एक चिमुकलं चित्र छापलेलं असतं. चित्र तिळाएवढं, आणि त्याला लागून एक बारीक आडवी रेघ. अर्थ स्वच्छ आहे : कापायचं तर इथे कापा. दुसरीकडे कुठे कात्री लावलीत, तर ते तीन दिवे गेलेच म्हणून समजा.

टेलरकाकूंना त्या पट्टीतली ही एकच गोष्ट पहिल्या दिवशी आवडली होती. पंचवीस वर्षं कात्री चालवून त्यांचं ठाम मत झालं होतं, की वस्तू कुठलीही असो, ती कुठे कापायची हे तिच्यावर लिहिलेलंच असतं. आपल्याला वाचता आलं पाहिजे. कापडावर लिहिलेलं असतं, लांबत चाललेल्या गप्पांवरही असतं. फक्त एका माणसावर ती रेघ छापायची राहून गेली होती, आणि नेमकं त्याच माणसाशी काकूंचं लग्न झालं होतं.

त्यांच्या यजमानांना सगळी गल्ली शेडकाका म्हणायची. रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायच्या खात्यात ते मुख्य होते. दोन डब्यांतला रंग एकच आहे की नाही, हे सांगण्याचा त्यांना पगार मिळे. नुसत्या पांढऱ्याचे एक्केचाळीस प्रकार ते डोळ्यांनी ओळखत. आणि म्हणूनच त्यांच्या स्वतःच्या घराला सहा वर्षं रंग लागला नव्हता!

"घराला कोणता रंग द्यायचा?" काकूंनी सहा वर्षांपूर्वी विचारलं होतं.

"पांढरा," शेडकाका ताबडतोब म्हणाले होते. काकूंना आनंद झाला होता. तो आनंद चार सेकंद टिकला.

"पण कोणता पांढरा?" शेडकाका स्वतःलाच म्हणाले, आणि गाडी जी तिथे रुतली ती रुतलीच. बैठकीच्या भिंतीवर नऊ पांढऱ्यांचे नऊ चौकोन उमटले. पाहुणे विचारत, "हे काय हो?" काकू सांगत, "आमच्याकडची नऊ चित्रं चोरीला गेली."

शेडकाकांचा एक आवडता शब्द होता : "बघू." आता, 'बघू' सगळेच म्हणतात. आपण 'बघू' म्हणतो तेव्हा आपला अर्थ 'नाही' असा असतो आणि ऐकणाऱ्यालाही तो कळतो. व्यवहार सुरळीत चालतो. शेडकाका मात्र 'बघू' म्हणाले की खरोखर बघत बसत. सकाळी बघत, दुपारी बघत, एक डोळा मिटून बघत. त्यांच्या बघण्याला शेवट नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी काकूंच्या शिवणाच्या खोलीतली ट्यूब फडफडायला लागली. खोली घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याला लागून. एक मशीन, एक कापायचं मोठं टेबल, एक आरसा आणि एक खिडकी. काकू म्हणाल्या, "कारखान्यातून येताना एक ट्यूब आणा."

"ट्यूब?" शेडकाकांना शिवी दिल्यासारखं झालं. "अगं, रंगातला माणूस घरात असताना तू ट्यूब लावणार? दिव्याचं तू माझ्यावर सोड. आठ दिवसांत असा उजेड करून देतो, की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक माप विसरून उजेडच बघत बसेल! माझा डोळा आजवर चुकलाय कधी?"

डोळा चुकला नव्हता, हे काकूंना मान्य होतं. चुकायला आधी काहीतरी ठरवावं लागतं. पण लग्न झालं तेव्हाच दोघांत वाटणी झाली होती : रंग त्यांचा, कापड हिचं. काकू गप्प बसल्या. शेडकाकांनी त्याच संध्याकाळी ट्यूब उतरवली. तिची लोखंडी पट्टीसुद्धा काढून टाकली, 'म्हणजे मागे फिरायची वाट नको!' छतातून दोन वायरी जिभा काढून लोंबायला लागल्या.

काकूंच्या धाकट्या भावाचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. तो दुसऱ्याच दिवशी तीन गुंडाळ्या घेऊन हजर झाला.

"भाऊजी, ही पहिली. हिच्यात लाल, हिरवा आणि निळा. तिघांना एकदम लावलं की पांढरा. ही दुसरी. हिच्यात त्या तिघांशिवाय पांढरा वेगळा दिलाय, चौथा. आणि ही तिसरी. हिचा प्रत्येक दिवा आपल्या मर्जीचा मालक. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला जांभळा, मधे सगळी पळापळ."

"म्हणजे आपल्याच घरातली वाटते," काकू म्हणाल्या.

"बोला भाऊजी, कोणती ठेवू?"

सगळ्यांना माहीत होतं काय येणार. तरी मेहुण्याने कान पुढे केला.

"बघू," शेडकाका म्हणाले.

त्यांनी गुंडाळ्यांना क, ख, ग अशी नावं दिली आणि एक वही केली. वहीत तेवीस रकाने होते. प्रकाशाचा जोर, तापण्याचा वेग, डिंकाची चिकाटी, रिमोटच्या बटणांचा आवाज! रिमोटला चव्वेचाळीस बटणं होती आणि शेडकाकांचा नियम होता, की प्रत्येक बटण प्रत्येक वेळी निदान तीनदा तपासायचं. 'क' भिंतीच्या कडेने चिकटवली. 'ख'चा नंबर उन्हाळ्यात लागणार होता. 'ग'बद्दल ते बोलतच नसत.

रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की प्रयोग सुरू. रस्त्यावरून जाणाऱ्यांना खिडकीतला रंग तेवढा दिसे. खिडकी हिरवी झाली त्या दिवशी एक गृहस्थ आत आले आणि खोकल्याचं औषध मागू लागले. निळी झाली तेव्हा दोन मुलं विचारायला आली, "मासे कुठायत?" लाल झाली तेव्हा कोणीच आत आलं नाही, पण समोरचे निवृत्त तपासनीस तीन दिवस काकूंची नजर चुकवून चालत होते.

काकूंनी काय केलं? मशीन ओढत ओढत खिडकीखाली नेलं आणि दिवसाच्या उजेडात शिवायला लागल्या. तात्पुरतं म्हणून. आठ महिने.

शिवायच्या म्हणजे काय, तर चेन बसवायच्या, हेम घालायच्या, सैल करायच्या, घट्ट करायच्या. टेलरकाकू अख्खा कपडा शिवू शकतात, हे गल्ली विसरूनच गेली होती. दुसऱ्याने शिवलेल्या कपड्यांची दुखणी काढण्यात बारा वर्षं गेली. आतून त्यांना एकच हौस होती : आपण कापलेला, आपण शिवलेला कपडा चार लोकांत मिरवताना बघायचा.

अशात एके दिवशी दारात गायनबाई उभ्या राहिल्या. गायनबाई संगीतशाळेच्या प्रमुख. त्यांच्या हाताखाली बारा जणींचा वृंद. त्या बोलत तेव्हाही हाताने ताल देत.

"बारा पायघोळ झगे. शेवाळी रंग. तीन आठवडे. जमेल?"

"जमेल," काकू म्हणाल्या. बघा, एका शब्दात! अशीही माणसं असतात.

"नीट ऐका. माझ्या बारा जणी म्हणजे एक आवाज, एक श्वास. रंगसुद्धा एकच हवा. छान झालं, तर शाळेचं वर्षाचं सगळं शिवण तुमच्याकडे."

"आणि नाही झालं तर?"

"तर तुम्ही चेन फार छान बसवता, असं मी ऐकून आहेच," गायनबाई गोड हसून म्हणाल्या.

काकूंनी त्या रात्री टेप उशाशी घेतला.

सात झगे झाले आणि कापड संपलं. कापडवाल्याकडे त्या गिरणीचा तागाच उरला नव्हता. तो बिचारा सज्जन. वेगवेगळ्या गिरण्यांचे चार शेवाळी तागे त्याने डोक्यावरून घरी आणले. "जुळेल तो ठेवा, बाकीचे द्या. अर्ध्या तासात दुकान बंद करायचंय मला."

बाहेर अंधारलं होतं. सातवा झगा टेबलावर पसरला, शेजारी चार तागे मांडले, आणि काकूंनी हाक मारली, "अहो, जरा डोळा घेऊन या!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शेडकाकांच्या कारखान्यात, त्यांच्याच टेबलामागे, त्यांच्याच अक्षरात एक पाटी होती : 'तीन दिव्यांखाली पाहिल्याशिवाय जुळलं म्हणू नये.' एक दिवा उन्हासारखा, एक ट्यूबचा, एक पिवळ्या बल्बचा. कारण दोन रंग एका उजेडात सख्खे भाऊ दिसतात आणि दुसऱ्या उजेडात ओळखसुद्धा दाखवत नाहीत. या नियमावर त्यांनी तीन शिकाऊ माणसांना रडवलं होतं.

शेडकाकांनी 'क' पट्टी पांढऱ्यावर लावली. तागे पुढे-मागे केले. एक डोळा मिटला. आणि अचानक म्हणाले, "हा. तिसरा. जुळतंय!"

काकूंच्या हातातल्या टाचण्या खाली पडल्या. बावीस वर्षांत त्यांनी 'बघू' शिवाय सुरू झालेलं वाक्य ऐकलं नव्हतं.

"अहो, तुमचा तो तीन दिव्यांचा नियम?"

"मग हे काय आहे?" शेडकाकांनी पट्टीकडे विजयी बोट केलं. "लाल, हिरवा, निळा! मोज! एक, दोन, तीन! कारखान्यात एकेक करून बघावं लागतं. इथे तिन्ही दिव्यांखाली एकदम बघतोय मी! विज्ञान कुठच्या कुठे गेलं!"

कापडवाल्याने मान डोलावली, कारण त्याला घरी जायचं होतं. काकूंनीही डोलावली, कारण वाटणी म्हणजे वाटणी. सातवा झगा सकाळी त्याची मालकीण घेऊन गेली, आणि मग पुढचे पाच झगे काकूंनी नव्या कापडाचे शिवले. खिडकीत, उन्हात, एकटे. जोडीला पहिल्या कापडाची चिंधीसुद्धा नव्हती. कधीकधी वाटायचं, हे जरा तपकिरी मारतंय का? पण कशाच्या मानाने तपकिरी, ते सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला बाराजणी खोलीत जमल्या आणि तिथेच झगे चढवले. गायनबाईंच्या स्वागतासाठी शेडकाकांनी रजा घेऊन, खिडकीला जाड पडदा ओढून 'क' लावली होती. बारा झगे, एक रंग. कुठे एका धाग्याचा फरक नाही.

गायनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक आवाज, एक श्वास, एक रंग! चला मुलींनो, पायऱ्यांवर फोटो!"

मुली (सगळ्यात धाकटी मुलगी एक्केचाळीसची होती) बाहेर उन्हात गेल्या. सातजणी पुढे, पाचजणी मागे. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा उचलला, खाली केला, काच पुसली, पुन्हा उचलला.

"बाई," तो म्हणाला, "मागची ओळ वाळलीय."

खरंच! पुढच्या सात हिरव्यागार, आणि मागच्या पाच जणी पाणी न मिळालेल्या कुंडीसारख्या तपकिरी.

"हे काय?" गायनबाईंचा आवाज वरच्या पट्टीत गेला. "टेलरबाई, माझा वृंद आहे की झाडाची फांदी? अर्धी हिरवी, अर्धी गळायला आलेली!"

"अशक्य!" शेडकाका ओरडले. "आत चला!"

सगळ्या आत गेल्या. एक रंग!

"बघा!"

सगळ्या बाहेर आल्या. दोन रंग.

"पुन्हा आत!"

बाराजणी आत, बाहेर, आत, बाहेर. समोरचे निवृत्त तपासनीस खिडकीत खुर्ची घेऊन बसले. चौथ्या फेरीला वृंदातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई पायरीवर बसकण मारून म्हणाल्या, "मला कुठल्याही रंगाची समजा, पण मी आता उठणार नाही."

शेडकाकांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू वेगळाच उजेड पडत होता. कळलं की माणसाला आनंद होतो; काय कळलं याच्याशी त्या आनंदाला देणंघेणं नसतं.

"अगं, उन्हात सगळे रंग असतात. सलग, एकही फट नाही. या पट्टीचा पांढरा म्हणजे तीन टोकं नुसती! लाल, हिरवा, निळा, मधे खड्डे! आणि या दोन कापडांतला फरक आहे तो नेमका खड्ड्यात! पट्टीला तो दिसणारच कसा? काय सुंदर उदाहरण आहे! याला मेटामेरिझम म्हणतात!"

"याला घोळ म्हणतात," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. बावीस वर्षांत शेडकाकांनी तो आवाजही ऐकला नव्हता.

काकू पायरीवरच्या ज्येष्ठ बाईंच्या झग्याची कड हातात घेऊन उभ्या होत्या. तिथली शिलाई सरळ होती, एकसारखी. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

त्याच वेळी मेहुणा आला. तो आला होता टाळ्या वाजवायला.

"ताई, त्यात काय!" सगळं ऐकून तो म्हणाला. "आत एक रंग दिसतोय ना? मग आतलाच उजेड तिकडे नेऊ! सभागृहात खिडकी नाही. मंचावर पट्टी लावू, बाकीचे दिवे बंद. कोणाच्या बापाला कळणार नाही!"

"कोणती पट्टी?" शेडकाका म्हणाले. "म्हणजे, 'ख' अजून तपासायची..."

"अहो!" काकू म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने भिंतीवरची 'क' ओढायला सुरुवात केली. डिंकाची चिकाटी, जी वहीत पाचव्या रकान्यात 'बघू' अशी नोंदलेली होती, ती तेव्हा सिद्ध झाली : पट्टीबरोबर भिंतीचा गिलावाही निघाला.

सहा वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचाच्या वर आणि पायाशी 'क'. मेहुण्याने दुकानातून तिच्या आणखी दोन बहिणी आणल्या होत्या. पडदा उघडला. बारा झगे, एक रंग. काकू पहिल्या रांगेत कडेला, शेजारी शेडकाका, त्यांच्या हातात रिमोट. पहिलं गाणं झालं. टाळ्या. काकूंनी तासाभराने पहिला श्वास घेतला.

"अगं," शेडकाका कुजबुजले, "जरासा निळा मारतोय."

"काय?"

"पांढरा. अगदी किंचित निळा."

"मारू दे."

"एक बटण. फक्त एक."

"अहो, हात लावू नका!"

पण पोहणाऱ्याला पाणी आणि शेडकाकांना छटा. अंधारात अंगठा खाली आला. त्यांना हवं होतं तिसऱ्या ओळीतलं दुसरं बटण. दाबलं गेलं चौथ्या ओळीतलं. त्यावर एक संगीताची खूण होती, आणि ते गेल्या आठ महिन्यांत एकदाही तपासलेलं नव्हतं, कारण त्याला तपासायला घरात गाणारं कोणी नव्हतं!

पट्टीच्या डबीला कान असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या बटणाने तो कान उघडतो, आणि मग आवाज चढेल तसा रंग नाचतो.

वृंदाने दुसरं गाणं उचललं. मंच लाल! खालचा स्वर आला, मंच निळा! गायनबाईंची पाठ लोकांकडे आणि तोंड वृंदाकडे. समोरच्या बाराजणी एकदम जांभळ्या झालेल्या पाहून त्यांना वाटलं, आपल्याला भोवळ येतेय. भोवळ यायच्या आत गाणं संपवावं म्हणून त्यांनी लय दुप्पट केली. लय वाढली तसे रंग धावले. रंग धावले तशा बायका घाबरल्या; घाबरल्या तसा आवाज चढला. एका बाईंचा वरचा स्वर तर असा लागला, की मंच पिवळा होऊन तसाच थांबला!

"बंद करा!" काकू कुजबुजल्या.

"कोणतं बटण?" शेडकाका कुजबुजले.

गाणं संपलं. सभागृह श्वास धरून बसलेलं. मागे उभ्या असलेल्या दरवानाला वाटलं, कार्यक्रम आटोपला. त्याने आपलं कर्तव्य केलं : सभागृहातले सगळे पिवळे बल्ब एकदम लावले.

आणि हजार डोळ्यांदेखत बारा एकसारखे झगे, उभ्या जागी, सात हिरवे आणि पाच तपकिरी झाले!

काकूंनी डोळे मिटून घेतले. कानांवर हात ठेवायला उशीर झाला, म्हणून त्यांना टाळ्या ऐकू आल्या. आधी एक, मग दहा, मग छप्पर उडेल इतक्या.

"झगे बदलले हो! न जाता, न येता!"

"ही कला म्हणायची!"

गायनबाई लोकांकडे वळल्या. भोवळ कुठल्या कुठे गेली. त्यांनी एकदा वृंदाकडे पाहिलं, एकदा टाळ्यांकडे पाहिलं, आणि नम्रपणे वाकल्या. वर्तमानपत्रवाल्याला त्या म्हणाल्या, "एकतेतून विविधता. ही कल्पना माझ्या मनात फार वर्षं घोळत होती."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात रांग! एका कारकुनाला असा सदरा हवा होता, जो साहेबांच्या खोलीतल्या उजेडात भिंतीच्या रंगाचा होईल. एका बाईंना झगा हवा होता, घरातून निघताना साधा आणि समारंभात भारी. औषध मागणारे गृहस्थही आले. त्यांना खोकला नव्हता, नुसतंच बघायचं होतं. काकूंचा कपडा चार लोकांनी पाहिला होता खरा. शिलाई मात्र एकानेही पाहिली नव्हती.

दुपारी गायनबाई आल्या. हात तालात हलत होता. "टेलरबाई, चाळीस झगे! पुढच्या महिन्यात. अगदी असेच, फसवे! हो म्हणा."

मेहुणाही तिथेच उभा होता. "भाऊजी, मग 'क' पक्की ना? फसवं कापड जुळवायचं तर तीच लागणार. ख आणि ग परत नेतो मी."

"बघू," शेडकाका म्हणाले. पण हा 'बघू' नेहमीचा नव्हता. तो जरा खाली बघून निघाला होता. रात्रभर ते उपटलेल्या गिलाव्यासमोर बसले होते, आणि बायको त्यांच्याशी सकाळपासून फक्त तीन शब्द बोलली होती. तीनही 'चहा'.

काकूंनी मोठी कात्री उचलली आणि टेबलावर ठेवली.

"चाळीस शिवीन," त्या गायनबाईंना म्हणाल्या. "पण एका कापडाचे. उन्हात बघून घेतलेल्या. फसवे नाहीत."

"मग त्यात नवीन ते काय?"

"शिलाई."

गायनबाईंचा हात तालावर थांबला. त्यांनी अंगावरच्या शालीखालून कालच्या बारांतला एक झगा काढला. तो दुरुस्तीला आणला होता, बगलेत जरा घट्ट होता म्हणून. काकूंनी तो घेतला, बाही उलटी केली आणि समोर धरली. आत एक दोरा लोंबत नव्हता. कड कुठली आणि कापड कुठलं, हे शोधावं लागत होतं. गायनबाईंनी चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं. गाणाऱ्या बाईंना चांगल्या कामातली शांतता कळते. कार्यक्रमात तिला वाव नसतो, एवढंच.

"हं," त्या म्हणाल्या. "आणि चेन?"

"चेनही छान बसवते मी. ऐकलं असेल तुम्ही."

गायनबाई हसल्या. या वेळी गोड नाही, खऱ्या. "मंगळवारी मापं घ्यायला या. चाळीसही एकाच रंगाचे, टेलरबाई!" आणि ताल देत पायऱ्या उतरल्या.

खोलीत तिघं उरले. काकूंनी तिन्ही गुंडाळ्या टेबलावर ओळीने मांडल्या. क, ख, ग. कात्री उघडली. तिचं पातं 'क'वरच्या तिळाएवढ्या कात्रीशेजारी, बरोबर रेघेवर टेकवलं.

"शेवटचं विचारते," त्या म्हणाल्या. "मंगळवारपासून मला इथे चाळीस झगे शिवायचेत. या खोलीत कोणता उजेड?"

मेहुण्याने कान पुढे केला.

शेडकाकांनी 'क'कडे पाहिलं. 'ख'कडे पाहिलं. 'ग'कडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, तिच्याकडेही पाहिलं. तेवीस रकान्यांची वही उघडली, मिटली. मग त्यांची नजर मशीनवर गेली. आठ महिन्यांपूर्वी तात्पुरतं ओढून नेलेलं मशीन, त्याच्यावर पडलेला पडद्याबाहेरचा उजेड. सलग. एकही खड्डा नसलेला.

ते उठले आणि जाड पडदा दांडीसकट काढून मेहुण्याच्या खांद्यावर टाकला.

"खिडकी," ते म्हणाले.

आठ महिने, तीन पट्ट्या, चव्वेचाळीस बटणं. आणि उत्तर होतं ते घर बांधणाऱ्या गवंड्याने भिंतीत आधीच ठेवलेलं! काकूंना हसू आवरेना, पण कात्री त्यांनी उचलली नाही.

"आणि संध्याकाळी? अंधार पडल्यावर?"

शेडकाकांनी तोंड उघडलं. ओठ मिटून 'ब' तयारसुद्धा झाला. मग त्यांना कात्रीचं पातं दिसलं, आणि त्याच्यामागे बारा वर्षं दुसऱ्यांच्या चेनी बसवून वाकलेली बायकोची मान दिसली.

"संध्याकाळी," शेडकाका म्हणाले, "दुकान बंद!"